पिकअपसाठी हलका फिफ्थ व्हील हिच: वजनाचा हिशेब आधी, खरेदी नंतर

अमेरिकेत पिकअपमागे फिफ्थ व्हील ट्रेलर ओढायचं ठरलं की हिचची, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या साधनाची, शोधाशोध सुरू होते, आणि नजर लगेच जाते ती ३५-४० पाउंडांच्या ॲल्युमिनियमच्या हिचकडे. दीडशे-दोनशे पाउंडांच्या लोखंडी धुडाऐवजी एकट्याने उचलून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवता येईल अशी वस्तू मिळत असेल तर मोह होणारच, आणि त्यात गैर काही नाही. फक्त हलक्या हिचने नेमकं काय हलकं होतं आणि काय होत नाही, हे कळल्याशिवाय पैसे टाकू नयेत. त्याने तुमची पाठ वाचते आणि पेलोडमधले, म्हणजे ट्रकवर लादता येणाऱ्या वजनातले, शंभर-दीडशे पाउंड वाचतात. ट्रेलर ट्रकवर जो भार टाकतो, तो एका पाउंडानेही कमी होत नाही.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर ज्या जोडणीवर चालतात, तीच ही जोडणी, पिकअपच्या आकाराला बेतलेली. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली २ इंच व्यासाची किंगपिन असते. ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात), मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, हिच बसवलेला असतो आणि त्याचे जबडे या पिनला धरतात. बंपरच्या मागे लटकणाऱ्या ट्रेलरपेक्षा हा जास्त स्थिर चालतो, कारण भार ॲक्सलच्या मागे नाही तर ॲक्सलवर पडतो. पण हा भार मोठा असतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के धरतात. हिशेबासाठी २० टक्के घ्या आणि मोठा ट्रेलर असेल तर २२. ब्रोशरमध्ये छापलेलं पिन वेट, म्हणजे पिनवरून ट्रकवर येणारा हा भार, रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात गॅसच्या टाक्या भरलेल्या नसतात, बॅटऱ्या बहुधा धरलेल्या नसतात आणि सामान तर नसतंच. या तिन्ही गोष्टी बहुतेक ट्रेलरमध्ये पुढच्या बाजूलाच असतात, म्हणजे त्यांचा बराचसा भार थेट पिनवर येतो. ब्रोशरमधला आकडा बघून हिशेब मांडणारे बहुतेक जण इथेच फसतात.

आता ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं टायर आणि लोडिंगचं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जायचं नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. हाच तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या अवताराचा असतो. तुमच्या ट्रकला सनरूफ, चामड्याच्या सीट, फोर व्हील ड्राइव्ह, मोठं इंजिन असेल तर ते सगळं पेलोडमधून आधीच वजा झालेलं असतं. डिझेलच्या थ्री-क्वार्टर टन (मधल्या वर्गाच्या) ट्रकमध्ये हे विशेष जाणवतं. इंजिन जड आणि ट्रकची एकूण मर्यादा बऱ्याचदा १०,००० पाउंडांवर बांधलेली, त्यामुळे दणकट दिसणाऱ्या ट्रकच्या लेबलवर जेमतेम दोन-सव्वादोन हजारांचा आकडा निघतो.

एक उदाहरण मांडून बघू. समजा लेबलवर २,३१० पाउंड आहेत. ट्रेलर भरून ९,५०० पाउंडांचा होतो, पिनवर २० टक्के म्हणजे १,९००. नवरा-बायको दोघं मिळून ३२०. बेरीज २,२२०. उरले ९०. आता ४० पाउंडांचा हिच टाकला तर ५० पाउंड शिल्लक राहतात, आणि १७५ पाउंडांचा टाकला तर ८५ पाउंडांनी मर्यादा ओलांडते. हलका हिच खऱ्या अर्थाने कामाला येतो तो असा काठावर बसलेल्या हिशेबात.

पण त्याच जागी हाफ-टन, म्हणजे त्याहून हलक्या वर्गाचा ट्रक घ्या. लेबलवर १,८०० पाउंड. भारतातून आई-बाबा उन्हाळ्यात आलेले, मागे एक मूल, म्हणजे गाडीत पाच जण, सातशे पाउंड धरा. उरले ११००. त्यात २० टक्क्यांनी बसेल असा ट्रेलर फार तर ५,३०० पाउंडांचा, तोही हिच ४० पाउंडांचा असेल तरच. 'हाफ-टन टोएबल' (हाफ-टनने ओढता येईल) असा शिक्का मारून विकले जाणारे बहुतेक फिफ्थ व्हील भरल्यावर ८,००० ते १०,००० पाउंडांत जातात. तिथे हिच ॲल्युमिनियमचा आहे की पोलादाचा, याने काहीही फरक पडत नाही. ट्रकच बदलावा लागतो किंवा ट्रेलर. ट्रक छोटा आणि हौस मोठी असेल तर कॅनडातल्या एस्केप कंपनीचा फायबरग्लासचा ५.० यासारखा लहान फिफ्थ व्हील बघावा. माणसं कमी आणि ट्रेलर छोटा असेल तर हाफ-टनवरही हिशेब नीट बसतो. आणि गर्दी झाली म्हणून दोघांना ट्रेलरमध्ये बसवून न्यायचा विचार करू नका. बऱ्याच राज्यांत त्याला बंदी आहे आणि जिथे परवानगी आहे तिथेही अटी आहेत. शिवाय त्यांचं वजन पिनवरून थोडं-फार ट्रकवर येतंच.

हिच कोणता घ्यायचा हे बऱ्याच अंशी तुमच्या बेडमध्ये आत्ता काय बसवलेलं आहे यावर ठरतं. प्रकार तीन.

पहिला, रेल. बेडवर दोन आडव्या पोलादी पट्ट्या असतात, त्या बेडखालून ब्रॅकेटने चॅसीला बांधलेल्या असतात. बहुतेक कंपन्यांचे हिच या प्रमाणित रेलमध्ये चार पायांनी बसतात. सोय अशी की बाजारात जुने-नवे भरपूर हिच मिळतात. गैरसोय अशी की हिच काढला तरी रेल तिथेच राहतात, आणि बेडमध्ये प्लायवूडचे तक्ते किंवा माती सरकवताना अडतात.

दुसरा, पक. फोर्डने २०११ च्या सुपर ड्यूटी ट्रकपासून कारखान्यातच बेडमध्ये चार कोपऱ्यांना चार गोल खाचा आणि मधोमध गूसनेक बॉलची (ट्रेलर ज्यावर टेकतो त्या पोलादी गोळ्याची) जागा द्यायला सुरुवात केली. पुढे रॅम आणि जनरल मोटर्सनेही आपापली व्यवस्था आणली. दिसायला सारख्या असल्या तरी या खाचा एकमेकींशी जुळतीलच असं नाही. फोर्डचा पकवाला हिच रॅममध्ये बसत नाही. जुना हिच घेताना ट्रकचं वर्ष आणि कंपनी दोन्ही तपासा.

तिसरा, नुसता गूसनेक बॉल. बेडच्या मधोमध एकच भोक, खाली चॅसीला बांधलेला आडवा पोलादी भाग, आणि वर २ ५/१६ इंचांचा बॉल. बी अँड डब्ल्यूच्या टर्नओव्हर बॉलमध्ये हा बॉल काढून उलटा ठेवता येतो, म्हणजे बेड सपाट होतो. हलके हिच सगळ्यात जास्त याच बॉलवर बसतात.

इथे एक गोष्ट निसटते. ३५ पाउंडांचा हिच म्हणून आनंद होतो, पण तो ज्यावर बसतो ती बेडखालची पोलादी चौकट तुम्ही नंतर बसवून घेतली असेल तर तिचं वजनही पेलोडमधूनच जातं. रेल आणि ब्रॅकेटचं तेच. कारखान्यातून बसवून आलेली असेल तर मात्र ती लेबलवरच्या आकड्यात आधीच धरलेली असते. म्हणून नवा ट्रक घेणार असाल तर कारखान्याचं प्रेप पॅकेज (हिचसाठी आधीच केलेली तयारी) घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर बेडला भोकं पाडणं, खालच्या वायरी, ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या सांभाळणं, स्पेअर टायर उतरवणं, हे सगळं टळतं. नंतरच बसवायचं असेल तर तुमच्याच मॉडेलचे ब्रॅकेट घ्या, म्हणजे चॅसीला नवीन भोकं पाडावी लागत नाहीत. आणि बेडमध्ये ड्रिल चालवण्याआधी प्रत्येक भोकाच्या खाली एकाने वाकून बघावं.

आता हलक्या हिचचा कायम चर्चेत असणारा नमुना. आयडाहोतल्या अँडरसन कंपनीचा अल्टिमेट कनेक्शन. बॉलवर बसणारा ॲल्युमिनियमचा प्रकार साधारण ३५ पाउंडांचा, आणि क्षमता २४,००० पाउंडांचा ट्रेलर, पिनवर ४,५०० पाउंड. रेलवर बसणारा आणि पोलादाचाही मिळतो. यात जबडे नाहीतच. बेडमध्ये नळ्यांची एक चौकट उभी राहते आणि तिच्या माथ्यावर २ ५/१६ इंचांचा बॉल असतो. ट्रेलरच्या किंगपिनला एक ठोकळा कायमचा बसवतात, ज्याच्या तोंडाशी नरसाळ्यासारखा भाग असतो. तो वरून बॉलवर उतरतो आणि आतली कडी बॉलला धरते. ठोकळ्याचं वजन वेगळं, ते ट्रेलरवर राहतं आणि पिन वेटमध्ये जमा होतं.

याचा मोठा गुण म्हणजे शांतपणा. जबडे आणि पिन यांच्यातल्या फटीमुळे ब्रेक लावताना, गती घेताना जे पुढे-मागे धक्के बसतात ते इथे जवळजवळ नसतात. ग्रीसने माखलेली मोठी प्लेट नाही, त्यामुळे बेडमध्ये वाकल्यावर कपडे खराब होत नाहीत. ट्रेलर चारही बाजूंना कलतो, त्यामुळे उंचसखल कॅम्पसाइटवर सोडवताना ओढाताण कमी.

त्याच्या अडचणीही नीट समजून घ्या. नरसाळं बॉलच्या वरून आणायचं असतं, म्हणून ट्रेलर नेहमीपेक्षा बराच वर उचलावा लागतो, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून बॉल आणि नरसाळं समोरासमोर आलं की नाही हे दिसत नाही. बेडमध्ये कॅमेरा असेल तर काम सोपं होतं, नसेल तर मागे एक माणूस हवा. नेहमीच्या हिचमध्ये मागे येत राहिलं की पिन आपोआप जबड्यात शिरते. इथे इंच-दोन इंचांची अचूकता लागते. ठोकळा पिनवर स्क्रूने आवळलेला असतो. वळताना फिरायचं ते बॉलवर. ठोकळा पिनभोवती फिरायला लागला तर पिन खरवडते आणि जोडणी सैल होते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला स्क्रू आवळा, मग ठोकळ्यापासून पिन प्लेटपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की ठोकळा फिरला. ही रेघ पाच मिनिटांचं काम आहे आणि तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

चौकटीचे पाय बेडच्या पत्र्यावर टेकतात आणि मधला बोल्ट त्यांना खाली खेचून धरतो. पाय आणि पत्रा यांच्यामध्ये सुटा प्लास्टिकचा लायनर किंवा जाड रबरी मॅट राहिली तर ती भाराखाली दबते, बोल्टचा ताण जातो आणि चौकट हलायला लागते. लायनर तेवढ्या भागात कापा किंवा काढूनच टाका. फवारलेला लायनर असेल तर चालतं. बसवल्यानंतर पहिल्या थोड्या मैलांवर थांबून बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि पुढे प्रत्येक प्रवासाआधी. सैल झालेल्या बोल्टमुळे येणारा टकटक आवाज बऱ्याच जणांना ट्रेलरच्या सस्पेन्शनचा वाटतो. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ अशा ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडतात तिथे त्या मिठाने गंज लवकर धरतो, म्हणून हिवाळ्यात हिच काढून धुऊन ठेवावा. तो काढायला सोपा आहे, मग बेडमध्ये पडून ठेवण्याचं कारणच काय?

ज्यांना जबड्यांचाच हिच हवा त्यांनी केवळ हलका म्हणून तडजोड करू नये. कॅन्ससच्या बी अँड डब्ल्यूचा कम्पॅनियन २०,००० पाउंडांचा ट्रेलर आणि पिनवर ५,००० पाउंड घेतो. जबडे पिनला घट्ट वेढतात, त्यामुळे धक्के कमी. पण दोन्ही भाग मिळून वजन दीडशे पाउंडांच्या वर. तो दोन भागांत सुटतो हीच त्याची सोय. खालची चौकट वेगळी, वरचं डोकं वेगळं. पुलराइटचा सुपरलाइट हा वजनाने या दोघांच्या मधला, एकाच बिंदूला बसणारा, २०,००० पाउंडांच्या क्षमतेचा. जबड्यांचा हिच घेताना तीन गोष्टी बघा. जबडे दोन बाजूंनी पिनला वेढतात की नुसती आडवी पट्टी मागून येते. डोकं चारही बाजूंना कलतं की फक्त पुढे-मागे. आणि एसएई जे२६३८ या मानकाप्रमाणे चाचणी झाल्याचं लेबल आहे का. पट्टीवाला हिच स्वस्त असतो आणि काम करतो, पण त्यात पिन जास्त हलते आणि पट्टी झिजली की आवाज वाढतो.

क्षमतेच्या बाबतीत एक गैरसमज फार रुळला आहे. हिचवर २४,००० लिहिलंय म्हणजे तुम्ही २४,००० ओढू शकता, असं नाही. ट्रक, हिच, बॉल, रेल, ट्रेलर आणि टायर यांपैकी ज्याची मर्यादा सगळ्यात कमी तीच तुमची मर्यादा. आणि हिचची क्षमता ट्रेलरच्या कमाल परवानगीच्या वजनापेक्षा वरची घ्या, आज भरलेल्या वजनापेक्षा नव्हे.

आणखी एक मार्ग दिसेल: पिन बॉक्स (ट्रेलरचा पिन धरणारा पुढचा भाग) काढून त्या जागी बॉलला धरणारा गूसनेक कपलर बसवायचा, म्हणजे हिचच लागत नाही, बेडमधला बॉल पुरतो. बेड पूर्ण मोकळा आणि ट्रकवरचं वजन शून्य, असं वाटतं. यात दोन प्रकार ओळखा. पिनला लांब दांडा लावून खाली बॉलपर्यंत आणणारे अडॅप्टर स्वस्त असतात. पण दांडा जितका लांब तितका ब्रेक लावताना ट्रेलरच्या पुढच्या फ्रेमवर मुरडणारा जोर वाढतो. पिन बॉक्स आणि फ्रेमचे जोड मुळात या जोरासाठी बनवलेले नसतात, तिथे वेल्डला तडे जातात आणि ट्रेलरच्या फ्रेमची वॉरंटी जाऊ शकते. रीझचा गूज बॉक्स हा याच कामासाठी आखलेला पूर्ण पिन बॉक्स आहे, हवेच्या पिशवीसह. तो प्रकार वेगळा. तरी ट्रेलरच्या फ्रेमच्या कंपनीकडून त्या ट्रेलरच्या नंबरसाठी लेखी उत्तर मागवा. डीलरचं तोंडी 'चालतं' हे वॉरंटीच्या वेळी उपयोगाचं नाही. या पिन बॉक्सचं सगळं वजनही पिनवरच येतं. बॉलवरची कुठलीही जोडणी असेल तर सेफ्टी चेनचा तुमच्या राज्याचा नियम बघा. नियम नसला तरी चेन लावा.

छोट्या बेडच्या ट्रकवाल्यांनी पुढचं लक्ष देऊन वाचावं. ट्रेलरची रुंदी साधारण ९६ ते १०२ इंच, म्हणजे पिनपासून बाजूपर्यंत ४८ ते ५१ इंच. ८ फुटी बेडमध्ये पिनपासून कॅबपर्यंत पुरेशी जागा असते, साडेसहा फुटीमध्ये जेमतेम, साडेपाच फुटीमध्ये नाही. काटकोनात वळताना काय होईल एवढंच बहुतेक जण मोजतात. चौकोनी नाकाच्या ट्रेलरचा कोपरा त्याआधीच, साधारण ५०-६० अंशांच्या वळणात, कॅबच्या सगळ्यात जवळ येतो, कारण पिनपासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर सरळ बाजूपेक्षा जास्त असतं. टेप घ्या, पिनच्या मध्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत मोजा. पिनच्या पुढे नाक ३० इंच असेल आणि बाजू ४८ इंच, तर तिरकं अंतर ५६ इंचांच्या वर जातं. मागची काच जाते ती इथे. नवीन ट्रेलरचे कोपरे गोल किंवा कापलेले असतात, त्याने बराच फरक पडतो.

त्यासाठी सरकणारा हिच मिळतो, हाताने सरकवायचा किंवा वळताना आपोआप मागे जाणारा. पण सरकत्या हिचमध्ये वजन वाढतं आणि आपली मूळ गरजच निसटते. अँडरसनचा ठोकळा पिनवर उलट दिशेने बसवून पिन थोडी मागे नेता येते, त्याने काही इंच मिळतात. हाताने सरकवायचा असेल तर मागची जागा फक्त पार्किंगसाठी. हायवेवर भार ॲक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

उंचीचा हिशेब एकदाच करावा लागतो, पण नीट करा. ट्रेलर सपाट जमिनीवर लेव्हल करा आणि जमिनीपासून पिनच्या प्लेटपर्यंत मोजा. समजा ४८ इंच आले. ट्रकच्या बेडचा तळ ३५ इंचांवर आहे आणि भार आल्यावर मागचा भाग २ इंच बसतो, म्हणजे ३३. हिचची उंची हवी ४८ वजा ३३, म्हणजे १५ इंच. आता बेडच्या बाजूची भिंत बघा. तळापासून २१ इंच उंच असेल तर तिची वरची कड ५४ इंचांवर. ट्रेलरचा खालचा पृष्ठभाग ६० वर असेल तर मध्ये ६ इंच मोकळे. साडेपाच ते सहा इंच ठेवावेत; यापेक्षा कमी ठेवले तर गॅस स्टेशनच्या उताराच्या रॅम्पवर किंवा गटाराच्या खोलगट भागातून जाताना ट्रेलर बेडच्या कडेवर टेकतो आणि पत्रा चेपतो. जागा होत नसेल तर ट्रेलरचं नाक किंचित वर चालेल, पण फार नको. नाक वर गेलं की ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलच्या टायरवर जास्त भार येतो आणि ते आधी झिजतात.

जोडताना क्रम बदलू नका. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक (पाचरी), मग टेलगेट खाली, मग ट्रक मागे. टेलगेट वर ठेवून मागे येणं हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात महागडा घोटाळा. जबड्यांच्या हिचमध्ये ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा साधारण अर्धा इंच खाली ठेवा, म्हणजे मागे येताना ती उतारावर चढून हिचला घट्ट भिडते. ट्रेलर जास्त वर असेल तर पिन जबड्यांच्या वरून जाते, टोकाची कड त्यांच्यावर टेकते, हँडल मात्र बंद झाल्यासारखं दिसतं. पहिल्या ब्रेकला ट्रेलर बेडवर पडतो. म्हणून टॉर्च घेऊन प्लेटमध्ये फट नाही ना आणि जबडे पिनच्या गळ्याभोवती मिटले आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. मग सात पिनांची वायर जोडा, ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) केबल ट्रकच्या चॅसीला किंवा बेडमध्ये पक्क्या बसवलेल्या कडीला लावा. हिचला लावू नका. हिचच सुटला तर केबल त्याच्याबरोबर जाते आणि ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत. सुट्या होणाऱ्या हलक्या हिचमध्ये हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. लँडिंग लेग (ट्रेलरचे पुढचे टेकूचे पाय) जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढे उचला, ब्रेक कंट्रोलरवरून ट्रेलरचे ब्रेक हाताने धरा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. जोडणी टिकली तरच लेग पूर्ण वर, टेलगेट बंद आणि चॉक सगळ्यात शेवटी काढायचे.

सगळं झाल्यावर, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकाचं सामान नेहमीसारखं भरून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर दोनदा वजन करा. त्यात तीन वेगळे फलाट असतात: पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर. समजा जोडलेल्या अवस्थेत ४,७००, ५,२५० आणि ७,६०० आले. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून तीच माणसं, तोच हिच आणि तेवढंच इंधन घेऊन नुसता ट्रक पुन्हा वर न्या. ४,६५० आणि ३,४०० आले. ट्रकचे जोडलेले ९,९५०, सुटे ८,०५०, फरक १,९००. हे तुमचं खरं पिन वेट, आणि ट्रेलर ९,५०० पाउंडांचा. ९,९५० हा आकडा दारावरच्या १०,००० च्या आत आहे का आणि ५,२५० मागच्या ॲक्सलच्या मर्यादेच्या आत आहे का, हे त्याच दाराच्या लेबलवर पडताळा. पुढच्या ॲक्सलचं वजन जोडल्यावर थोडं वाढलेलं किंवा जवळपास तेवढंच हवं. ते शंभर-दोनशेने घटलं असेल तर हिच ॲक्सलच्या मागे बसला आहे आणि जागा बदलायला हवी.

पिन वेट जास्त आलं तर ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातली जड वस्तू आधी हलवा: हत्यारांची पेटी, जनरेटर, खुर्च्या. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर ती भरून निघू नका. एक गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड, पन्नास गॅलन म्हणजे चारशेच्या वर. पण सगळंच मागे ढकलून पिन वेट १५ टक्क्यांच्या खाली आणलं तर ट्रेलर हेलकावे खायला लागतो, त्यामुळे दर वेळी सामान हलवल्यावर पुन्हा वजन करा.